चकवा : फाटे फुटणाऱ्या भय-श्रुतिकेचे लेखन
(इयत्ता ६ वी व ७ वी : मातृभाषा : संभाषण व लेखन)

प्रास्ताविक

भुताखेतांच्या गोष्टी मुलांस शाळेने शिकवाव्या लागत नाहीत. त्या मुले घरून, शेतावरून, गुरांच्या मागून शिकूनच येतात. मधल्या सुट्टीत वर्गाच्या कोपऱ्यात पाच-सहा मुले डोके लावून बसली आणि एकाएकी त्यांतील एक किंचाळले, की शिक्षकाने ओळखावे, गोष्ट कोणती चालली आहे ते. एरवी निबंधाच्या तासाला दोन ओळींपलीकडे न जाणारे मूल अशा वेळी वीस मिनिटे अस्खलित बोलते; आवाज चढवते, उतरवते, योग्य ठिकाणी थांबते. ही शक्ती वर्गाबाहेर वाया जाते. तिला वर्गात आणून लेखनाकडे वळवावे, तसेच भयाला विचाराची जोड द्यावी, हा प्रस्तुत पाठाचा हेतू होय.

ह्यासाठी जो साहित्यप्रकार निवडला आहे, तो म्हणजे श्रुतिका. केवळ कानांसाठी लिहिलेले नाट्य. तिच्यात विशेष असा की, कथा ठराविक जागी थांबते, पुढे काय करावे हे श्रोते ठरवतात आणि त्यांच्या निवडीप्रमाणे कथेला निराळा फाटा फुटतो.

पाठाची उद्दिष्टे

१. दृश्य वस्तू केवळ शब्द व ध्वनी ह्यांनी उभी करण्याची सवय लागणे.
२. कारण आणि परिणाम ह्यांची साखळी मनात धरून लिहिणे.
३. भय कशातून उत्पन्न होते ह्याचा मुलांनी स्वतः शोध घेणे.
४. वाचनात मागे असलेल्या मुलासही कामात मानाचे स्थान मिळणे.

पूर्वपीठिका

हा प्रकार आपल्याकडे अगदीच नवा आहे असे नव्हे. काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात रचलेल्या ‘कथासरित्सागरा’त वेताळाच्या पंचवीस कथा आहेत. राजा शिंशपा वृक्षावरून प्रेत खांद्यावर घेऊन निघतो. प्रेतातील वेताळ गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न टाकतो. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर त्याचे मस्तक फुटेल, आणि बोलला तर वेताळ पुन्हा झाडावर जाईल. दोन्ही वाटांना किंमत आहे, आणि निवड टाळता येत नाही. उत्तम फाट्याची सारी लक्षणे ह्या एका प्रसंगात आहेत. वाट चुकली की कथा पुन्हा त्याच झाडापाशी येते, हेही ध्यानात ठेवावे. पुढे त्याचा उपयोग आहे.

केवळ ऐकण्यासाठी लिहिलेल्या नाट्याचा इतिहास सुमारे शंभर वर्षांचा आहे. रिचर्ड ह्यूज ह्या लेखकाचे ‘डेंजर’ हे छोटे नाटक लंडनहून बीबीसीने १५ जानेवारी १९२४ रोजी प्रक्षेपित केले. वेल्समधील कोळशाच्या खाणीत दिवे जाऊन माणसे अंधारात अडकतात, हा त्याचा विषय. ह्यूजने केलेला विचार मार्मिक आहे. श्रोत्याला काहीच दिसत नाही, ही रेडिओची अडचण. तेव्हा पात्रांनाही काही दिसणार नाही अशीच जागा त्याने निवडली. अडचणीचेच त्याने साधन केले. मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले, आणि पुढे मराठीतही नभोनाट्य व श्रुतिका हे शब्द घरोघर पोहोचले.

ध्वनीच्या सामर्थ्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील आहे. ३० ऑक्टोबर १९३८ रोजी ऑर्सन वेल्स ह्याने एच. जी. वेल्स ह्यांच्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ ह्या कादंबरीचे नभोनाट्य बातमीपत्राच्या रूपात सादर केले, आणि काही श्रोत्यांस मंगळावरील जीव खरोखरच उतरले असे वाटले. देशभर हाहाकार उडाल्याचे वर्तमानपत्रांनी छापले. तथापि हे वर्णन पुष्कळ फुगवलेले होते, असे पुढील अभ्यासकांचे मत आहे. म्हणजे ह्या एका घटनेत दोन धडे आहेत : आवाजाने भय निर्माण होते, आणि भयाची वार्ता भयाहून मोठी होते. दुसरा धडा आपल्या गावांसही लागू आहे.

फाट्यांचे तंत्र ह्यानंतरचे. १९६७ साली कॅनडातील माँट्रिअल येथील जागतिक प्रदर्शनात चेकोस्लोव्हाकियाने ‘किनोऑटोमॅट’ नावाचा चित्रपट दाखविला. चित्रपट मध्येच थांबे, प्रेक्षक आसनावरील बटन दाबून मत देत, आणि बहुमताप्रमाणे पुढील भाग लागे. एडवर्ड पॅकर्ड हे अमेरिकन गृहस्थ आपल्या मुलींना रात्री गोष्टी सांगत. पुढे काय व्हावे हे एकदा त्यांनी मुलींनाच विचारले, आणि त्यातून वाचकाने वाट निवडावयाच्या पुस्तकांची कल्पना निघाली. ‘द केव्ह ऑफ टाइम’ हे त्यांचे पुस्तक १९७९ साली प्रसिद्ध झाले व त्या मालेचा खप जगभर झाला. मुलींना प्रश्न विचारणारा बाप आणि राजाला प्रश्न विचारणारा वेताळ ह्यांचे काम मुळात एकच आहे.

फाट्यांचे गणित

फाटे फोडण्याचा मोह मुलांस फार होतो. म्हणून लेखनापूर्वी फळ्यावर हे गणित अवश्य मांडावे. प्रत्येक ठिकाणी दोन वाटा आणि अशा तीन निवडी असल्या, तर दृश्ये १ + २ + ४ + ८, म्हणजे १५ होतात आणि शेवट ८ होतात. श्रोत्यांच्या कानी मात्र त्यांतील चारच दृश्ये पडतात. पाच निवडी ठेवल्या तर दृश्ये ६३ होतात. एवढे लेखन कोणत्याही वर्गाच्या हातून पुरे होणार नाही.

ह्यावर उपाय असा. दोन वाटा फुटल्या की प्रत्येक वाटेवर एक दृश्य लिहावे, आणि त्यानंतर दोन्ही वाटा एका सामाईक दृश्यात मिळवाव्या. ह्या पद्धतीने पाच निवडींसाठी १ + ५ × ३, म्हणजे केवळ १६ दृश्ये लागतात. ‘किनोऑटोमॅट’मध्येही हीच युक्ती होती, कोणतीही वाट निवडली तरी कथा पुढच्या निवडीपाशी पुन्हा एकत्र येई.

परंतु ह्या उपायात एक धोका आहे. वाटा फुटून लगेच मिळाल्या आणि मागे काहीच उरले नाही, तर मुले फसवणूक तत्काळ ओळखतात. पुढच्या वेळी कोणी मनापासून हात वर करीत नाही. म्हणून नियम असा ठेवावा की, वाटा मिळाल्या तरी निवडीची खूण पुढे राहिली पाहिजे. एखादे पात्र काही जाणते किंवा जाणत नाही, एखादी वस्तू हाती आहे किंवा हरवली आहे, एवढा फरकही पुरेसा होतो. पुढील नमुन्यात सातवे दृश्य दोन प्रकारे लिहिले आहे, ते ह्यासाठीच.

निवड कशी असावी

‘डावीकडे जावे की उजवीकडे’ ही निवड नव्हे. तो नाणे उडविण्याचा प्रकार झाला. निवड खरी तेव्हा होते, जेव्हा दोन्ही बाजूंस काही तरी बोलता येते. म्हणून हात वर करण्यापूर्वी प्रत्येक बाजूच्या दोघा मुलांनी आपले कारण सांगावे. वर्गातील संभाषणाचे खरे शिक्षण ह्याच पाच मिनिटांत होते.

दुसरे असे की, निवडीचा परिणाम त्या निवडीतूनच निघाला पाहिजे. शूर मुलाला खजिना आणि भित्र्या मुलाला भूत, अशी वाटणी करू नये. तशाने मुले विचार सोडून लेखकाच्या मनातील ‘बरोबर’ उत्तर शोधू लागतात.

नमुना श्रुतिका : ‘चकवा’

कोकणात व इतरत्रही ‘चकवा लागणे’ हा वाक्प्रचार आहे. रात्री ओळखीच्या माळावर माणूस चालत राहतो आणि फिरून त्याच जागी येतो. कोणी तरी वाट चुकवीत आहे अशी समजूत. हा विषय निवडण्याचे कारण, तो भयाचा आहे, फाट्यांचा आहे, आणि त्याचा उलगडा करता येण्यासारखा आहे.

पात्रे : शालू (वय १२), तिचा भाऊ बाळू (वय ८), बाबा, निवेदक.
स्थळ : कोकणातील एक सडा. भाद्रपदातील तिन्हीसांज. धुके.

*दृश्य १*

(घमेल्यातील ओल्या खडीवर दोघांची पावले. रातकिडे. फार दूर ओहोळाचे पाणी. ते सर्व दृश्यांत मंद राहील, परंतु त्याविषयी कोणी बोलणार नाही.)

बाळू : ताई, एस. टी. वेळेवर आली असती तर एव्हाना घरी असतो ना आपण?
शालू : असतो. आजीचं औषध नीट धर. बाटली काचेची आहे.
(वेळूच्या बेटाची करकर.)
बाळू : हे काय?
शालू : वेळूचं बेट. वाऱ्यानं कांड्याला कांडं घासतं. आता हे मागं राहील, मग उतार, मग वाडी.
(पावले. बॅटरीचे बटन दोनदा वाजते.)
शालू : गेली बॅटरी. हात दे.
(पावले बराच वेळ. पुन्हा तीच करकर, ह्या वेळी उजवीकडून.)
बाळू : ताई... बेट मागं राहिलं होतं ना?
(शालू उत्तर देत नाही. पावले थांबतात.)
आवाज (पुढून, लांब) : शालू गोऽऽ!
(शांतता.)
आवाज (पुढून) : शालू गोऽऽ!
(एक क्षण. मग मागून, फार हळू.)
आवाज : शालू गोऽऽ!
बाळू : पुढून हाक मारत होता, तो मागं कसा गेला? ताई, रात्रीच्या हाकेला ओ द्यायची नाही म्हणते आजी.
निवेदक : शालूने ओ द्यावी, की गप्प राहावे?

(ओ द्यावी : दृश्य २. गप्प राहावे : दृश्य ३.)

*दृश्य २*

शालू : ओऽऽ! कोण आहे? आमच्या आजीचं नाव सांगा!
(शांतता. रातकिडे एकाएकी थांबतात.)
आवाज (लांब, तुटक) : ...गंगा... गंगूबाय... कुठं आहात... गोऽऽ...
बाळू : नाव बरोबर सांगितलं.
शालू : पण कुठून सांगितलं, ते कळलं नाही. पुन्हा बोला! आम्ही इथं आहोत!
(उत्तर नाही. रातकिडे पुन्हा सुरू.)
(पुढे दृश्य ४.)

*दृश्य ३*

(दोघांचा श्वास. दूरवर खडीवर जड पावले. ती जवळ येतात, थांबतात.)
बाळू (कुजबुजत) : ताई...
शालू (कुजबुजत) : श्शू.
(काही तरी लोखंडी हलते. पावले वळतात, लांब जातात, नाहीशी होतात.)
बाळू : गेला?
शालू : गेला.
बाळू : कोण होता?
(शालू उत्तर देत नाही. पुढे दृश्य ४.)

*दृश्य ४*

(पावले. मग तीच करकर, तिसऱ्यांदा, अगदी जवळून.)
बाळू : पुन्हा तेच बेट! आई गं! पायात काटा गेला, ताई. नाही चालवत.
शालू : बघू. खोल गेलाय.
बाळू : मला घेऊन नको जाऊस. तू पळत जा, बाबांना आण. मी बसतो इथं. मी नाही रडणार.
(शांतता. बाळूच्या हातात औषधाची बाटली किणकिणते; त्याचा हात कापत आहे.)
निवेदक : शालूने एकटीने मदत आणावयास जावे, की तेथेच बाळूपाशी थांबावे?

(एकटीने जावे : दृश्य ५. थांबावे : दृश्य ६.)

*दृश्य ५*

(एकटीची धावती पावले. श्वास.)
शालू : सरळ. सरळ चालायचं. शंभर पावलं... दोनशे... तीनशे...
(वेळूच्या बेटाची करकर.)
शालू : नाही. हे ते बेट नाही. बाळू! बाळूऽऽ!
(उत्तर नाही. तिच्या पायाला काही लागते : काच किणकिणते.)
शालू : बाटली... बाळू?
(सारे ध्वनी थांबतात.)
निवेदक : वेताळ पुन्हा झाडावर गेला. आता मागे फिरावे लागेल.

(दृश्य ४ मधील निवडीपाशी परत.)

*दृश्य ६*

शालू : मी कुठं जात नाही. बस. आता दोघांनी तोंडं मिटायची आणि कान उघडायचे.
(रातकिडे. करकर. वारा पडतो; करकर थांबते. आतापर्यंत दूर असलेले पाणी प्रथमच स्पष्ट ऐकू येते.)
बाळू : पाणी?
शालू : आपल्या वाडीवरून जातो तोच ओहोळ. मघापासून वाजतोय. आपण त्याच्याकडे कान दिला नाही. ये पाठुंगळी. आवाज समोर राहिला पाहिजे. बाजूला गेला की थांबायचं.
(मंद पावले. पाणी हळूहळू मोठे होते. दूर कुत्रा भुंकतो.)
(श्रोत्यांनी आधी ‘ओ द्यावी’ म्हटले असल्यास दृश्य ७ क, ‘गप्प’ म्हटले असल्यास ७ ख.)

*दृश्य ७ क*

(कंदिलाची कडी वाजते.)
बाबा : शालू! तुझी ओ ऐकली म्हणून ह्या अंगाला वळलो गो मी.
शालू : बाबा, तुम्ही आधी पुढून हाक मारलीत आणि मग मागून. फिरत होता का?
बाबा : नाही. मी एका जागी उभा होतो. आणि हाका दोनच मारल्या.
(शांतता. दूर वेळूची करकर, एकदाच. समाप्त.)

*दृश्य ७ ख*

(कंदिलाची कडी वाजते, तिसऱ्या दृश्यातील लोखंडी आवाज हाच, हे श्रोत्यांच्या लक्षात यावे.)
बाबा : अगदी बेटापर्यंत आलो होतो मी! हाकेला ओ का नाही दिलीत?
बाळू : आम्हांला वाटलं...
बाबा : तुमच्यापासून दहा पावलांवरून परत फिरलो?
शालू : बाबा, तुम्ही तीन हाका मारल्यात ना?
बाबा : दोनच मारल्या.
(शांतता. दूर वेळूची करकर, एकदाच. समाप्त.)

नमुन्यावरील विवेचन

चौथे दृश्य दोन्ही वाटांवर शब्दशः एकच आहे. तरीही ज्या वर्गाने ओ दिली, त्याला बाबा शोधत आहेत अशी आशा असते. जो गप्प राहिला, त्याला सोबत कोणी तरी फिरत आहे अशी भीती असते. एकच लेखन दोन मनःस्थितींत दोन रीतींनी ऐकले जाते. ही गोष्ट मुलांस आधी सांगू नये. दोन गटांना वेगवेगळ्या वाटांनी ऐकवून मग विचारावे. मुले स्वतः सांगतात.

वेळूच्या बेटाकडेही लक्ष वेधावे. डोळ्यांना खूण म्हणून पांढरा दगड चालला असता. कानांच्या नाट्यात खूणही वाजणारी हवी. ‘आपण पुन्हा त्याच जागी आलो’ असे कोणा पात्राने म्हणण्याआधी श्रोत्याच्या कानाने ते ओळखलेले असते, आणि भय तेथेच उत्पन्न होते. तसेच, ओहोळ पहिल्या दृश्यापासून वाजत असल्यामुळे सहाव्या दृश्यातील सुटका आयत्या वेळी आणलेली वाटत नाही.

पाचवे दृश्य कठोर आहे. त्यात बाळूचे काय झाले हे सांगितलेले नाही, आणि सांगूही नये. परंतु ते शेवटचे नाही. तेथून परत फिरता येते. कोणत्याही मुलाने शाळेतून घरी जाताना भावाला टाकून आल्याचे ओझे घेऊन जाऊ नये, म्हणून ही योजना आहे. मात्र परत फिरण्यापूर्वी अर्धा मिनिट वर्ग शांत राहू द्यावा.

भयाचा उलगडा

श्रुतिका संपली की ‘भूत नसते’ एवढेच सांगून पाठ आटोपू नये. त्या वाक्याने मूल गप्प होते. त्याची भीती जात नाही. प्रश्न विचारावे.

पहिला प्रश्न : माणसे फिरून त्याच जागी का येतात? जर्मनीतील ट्यूबिंगेन येथील माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी ह्याचा प्रयोग केला व तो २००९ साली प्रसिद्ध झाला. लोकांना घनदाट जंगलात व वाळवंटात सरळ रेषेत चालण्यास सांगितले. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर त्यांना दिशा राखता आली. तो दिसेनासा झाला की ती वळू लागली, आणि जंगलात तर नकळत आपलीच वाट ओलांडून गेली. डोळे बांधून चालणाऱ्यांची वर्तुळे कधी कधी केवळ वीस मीटर व्यासाची होती. स्थिर खूण नसेल तर माणसाला सरळ चालता येत नाही, आणि आपण वळत आहोत हे त्याला कळतही नाही. ह्याची प्रचीती शाळेच्या मैदानावर घेता येते. एका मुलाचे डोळे बांधावे, दुसऱ्याने सोबत राहावे, आणि समोरच्या झाडाच्या दिशेने पन्नास पावले चालावयास सांगावे. मग त्याच मुलाला, झाडापाशी कोणी तरी थाळी वाजवीत असताना, पुन्हा चालवावे. दोन्ही वाटा चुन्याने आखाव्या. मैदानात विहीर, खड्डा वा दगड नाहीत ह्याची खात्री आधी करून घ्यावी.

दुसरा प्रश्न : तिसरी हाक कोणाची? येथे प्रतिध्वनीचा पाठ जोडावा. ध्वनी हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. मूळ आवाज व परत आलेला आवाज वेगळे कळण्यास सुमारे एकदशांश सेकंदाचे अंतर लागते. म्हणून अडथळा निदान १७ मीटर तरी दूर हवा. कडा १७० मीटरांवर असेल, तर हाक मारणाऱ्यास प्रतिध्वनी एका सेकंदाने ऐकू येईल. एखादे चतुर मूल विचारील की, मग पहिल्या हाकेचा प्रतिध्वनी का आला नाही? ह्या प्रश्नाचे स्वागत करावे. बाबांचे तोंड तेव्हा कोणीकडे होते, वारा कसा होता, पावलांचा आवाज चालू होता काय, ह्यांचा मुलांनी तर्क करावा. शिक्षकाने आपले उत्तर लादू नये.

ध्वनिसाधने

ह्यासाठी पैसे खर्च करण्याची आवश्यकता नाही. सुपात कडधान्य हळू फिरविले की पाऊस. पत्र्याचा पातळ तुकडा हालविला की गडगडाट. नारळाच्या दोन करवंट्या आपटल्या की घोड्याच्या टापा. जाड कागद हातात चुरगळला की विस्तव. जुन्या लाकडी दाराची बिजागरी वेळूच्या बेटाचे काम करते. माठात तोंड घालून बोललेला शब्द दूरचा व घुमणारा वाटतो. घुबडाचा आवाज घ्यावयाचा असल्यास मुलांनी तो आधी खरा ऐकावा. पडक्या घरातील गव्हाणी घुबड घुमत नाही, ते खरखरीत चिरकते. आणि उंदीर खाऊन ते शेतकऱ्याचे हितच करते. त्याला अशुभ ठरविणारे वाक्य मुलांच्या लेखनात आल्यास त्याची चर्चा करावी.

ध्वनीचे काम वाचनात मागे राहणाऱ्या मुलांकडे आवर्जून द्यावे. करकर नेमक्या क्षणी आली नाही तर सारी श्रुतिका कोसळते. ज्याच्या हाती ती बिजागरी असते, त्याला संहिता इतरांहून अधिक बारकाईने अनुसरावी लागते, आणि अशा रीतीने तो वाचू लागतो.

कार्यपद्धती

पहिली तासिका : वर्गाच्या कोपऱ्यात चादर बांधून तिच्याआड नमुना सादर करावा, श्रोत्यांनी हात वर करून निवड करावी. दुसरी तासिका : फाट्यांचे गणित, व नव्या कथेचा नकाशा फळ्यावर. तिसरी तासिका : पाच-सहा मुलांचे गट करून प्रत्येकास एक दृश्य लिहावयास द्यावे, मागचे दृश्य कोठे संपते व पुढचे कोठे सुरू होते, हे प्रत्येक गटाने कागदाच्या माथ्यावर लिहावे. चौथी तासिका : डोळे मिटून वाचन. जे डोळे मिटल्यावर कळत नाही, ते दुरुस्त करावे. ‘तो बघ तिकडे’ अशी वाक्ये येथेच गळून पडतात. पाचवी तासिका : सादरीकरण. भ्रमणध्वनी उपलब्ध असेल तेथे प्रत्येक दृश्य निराळे मुद्रित करून त्यास क्रमांक द्यावा. मग शेजारच्या शाळेसही ते पाठविता येईल.

मर्यादा

१. गावातील खरी विहीर, खरे झाड, खरे घर वा नुकतीच निधन पावलेली व्यक्ती कथेत येऊ देऊ नये.

२. भय निर्माण करण्यासाठी एखादी म्हातारी, विधवा वा एकटी राहणारी स्त्री उभी करू नये. अशा संशयापायी ‘डाकीण’ ठरवून स्त्रियांचा छळ झाल्याचे, प्रसंगी त्यांचे प्राण गेल्याचे आपल्या राज्यास ठाऊक आहे. २०१३ सालच्या जादूटोणाविरोधी अधिनियमाने अशा प्रकारांस शिक्षा ठेवली आहे. परंतु कायदा येतो तो घटना घडल्यावर. वर्गातील कथा त्याच्या कितीतरी आधी येते.

३. कोणत्याही मुलास अंधारात बसण्याची वा ऐकण्याची सक्ती करू नये. एखादे मूल कानावर हात ठेवू लागले, तर त्यास ध्वनिगटात चादरीआड बोलवावे. आवाज कसा निघतो हे ज्याने पाहिले, त्याची भीती सहसा ओसरते.

४. घरी खरोखरच हरवण्याचा वा मृत्यूचा प्रसंग घडलेले मूल वर्गात असेल, तर हा विषय त्या वर्षी घेऊ नये.

समारोप

संविधानाच्या कलम ५१-क मध्ये १९७६ साली जी मूलभूत कर्तव्ये समाविष्ट झाली, त्यांत वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवता व शोधकवृत्ती ह्यांचा विकास करणे हे एक आहे. हे कर्तव्य पाठ करून घेणे सोपे असते. परंतु सड्यावर बॅटरी गेल्यावर, धाकट्या भावाच्या पायात काटा रुतल्यावर, धावण्याऐवजी थांबून कान द्यावा हे ज्या मुलीला सुचले, तिने ते आचरले. आपल्या शाळांतील पुष्कळ मुले आजही पावसाळ्यात ओढे-माळ ओलांडून घरी जातात. त्यांच्यापैकी एखाद्याला त्या वाटेवर ही श्रुतिका आठवली, तर पाच तासिका सार्थकी लागल्या असे समजावे.

शिक्षकांसाठी स्वाध्याय

१. आपल्या परिसरातील भयाची एखादी समजूत निवडा व तिच्यातील ‘वाजणारी खूण’ शोधा.
२. दोन निवडींचा नकाशा काढा. प्रत्येक निवडीच्या दोन्ही बाजूंस एकेक खरे कारण लिहा. एखाद्या बाजूस कारण सुचत नसेल, तर ती निवड बदला.
३. ‘चकवा’मधील पाचव्या दृश्यानंतर बाळूने सांगितलेली हकीकत, बाळूच्या तोंडून, दहा ओळींत मुलांकडून लिहून घ्या.